दुकान ऑनलाइन आलं, पण धंद्याचं गणित जुनंच? या चुका टाळा

इन्स्टाग्रामवर पेज उघडलं की धंदा बदलला, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पैसे कोण देतो, कशाचे देतो आणि कधी देतो, याची उत्तरं तीच राहिली तर बदललं ते फक्त काउंटर.

कोल्हापुरी चपलेचंच बघा. कोल्हापूरच्या चप्पल लेनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, गिऱ्हाईक जोड पायात घालून बघतं, अंगठा घट्ट वाटला तर दुसरा मागतं, मग पैसे देतं. तोच तयार माल कॅश ऑन डिलिव्हरीवर टाकला की माप चुकलेले जोड परत येऊ लागतात. दोन्हीकडचं भाडं, पॅकिंग, अडकलेला माल, सगळं दुकानदाराच्या अंगावर. मग तो म्हणतो, ऑनलाइनमध्ये दम नाही. दम आहे, पण पद्धत बदलावी लागते. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल आखायला सांगा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, थोडा ॲडव्हान्स घ्या आणि मगच जोड करायला द्या. चामड्याचा खर्च आधी हातात येतो, आणि त्याच पैशातून कारागिराला मजुरी वेळेवर देता येते. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (हे नाव ठरावीक भागातल्याच मालाला वापरायचा हक्क) मिळालं, २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोनंतर तिची जगभर चर्चा झाली. या नावाचा पैसा चप्पल करणाऱ्याच्या घरात पोचलाच पाहिजे.

दर ठरवण्याची पद्धतही कधी कधी पाय धरून ठेवते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून पार्ट ओतणाऱ्या कारखान्यात, कास्टिंगचा (ओतीव पार्टचा) दर बहुतेक किलोवर असतो. म्हणजे डोकं लावून पार्ट हलका केला तर बिल आपलंच कमी होतं! सुधारणेची शिक्षा कशाला? निदान नव्या पार्टचा दर तरी नगावर, मशीनिंगसह मागा.

ताठरपणा फक्त जुन्या धंद्यात असतो, हाही गैरसमज. कोडॅकच्या इंजिनिअरने १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला होता, पण कमाई फिल्मची होती. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. याहू तर जन्मानेच इंटरनेट कंपनी. तरी पोर्टल आणि जाहिरातींच्या चौकटीत अडकली आणि २०१७ मध्ये तिचा मुख्य व्यवसाय व्हेरायझन या अमेरिकी टेलिकॉम कंपनीकडे गेला. ज्यातून आज नफा येतो, त्याला हात लावायचं धाडस कुणालाच सहज होत नाही.

उलटी चूक म्हणजे घाई. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं, तरी पोस्टाने डीव्हीडी पाठवणं २०२३ पर्यंत चालू ठेवलं. मात्र २०११ मध्ये दोन्ही सेवांचे पैसे वेगळे लावले, तेव्हा एका तिमाहीत अमेरिकेतले सुमारे ८ लाख ग्राहक गेले.

म्हणून नवी पद्धत एकाच मालावर, एका हंगामापुरती सुरू करा. तिची वही वेगळी ठेवा. एकाच गल्ल्यात नवा तोटा जुन्या नफ्याखाली झाकला जातो. आणि किती तोटा झाला की थांबायचं, तो आकडा पहिली ऑर्डर घेण्याआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.