गोचीड आणि पिसवांमधील जिवाणू शोधताना या चुका टाळा

पीसीआरचे (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून दाखवणाऱ्या चाचणीचे) यंत्र आता अनेक पशुवैद्यकीय महाविद्यालयांत सहज उपलब्ध झाले आहे आणि जनावरांच्या अंगावरील गोचीड व पिसवा तपासून त्यांतील जिवाणू शोधणे हा पदव्युत्तर प्रबंधांचा आवडता विषय झाला आहे. मात्र जेलवर बँड (वाढलेल्या तुकड्याची पट्टी) दिसला की तो नेमका कोणाचा आहे हे न विचारताच त्याला रोगजंतूचे नाव देऊन टाकण्याची घाई फार वाढली आहे, आणि या लेखात सांगितलेल्या बहुतेक चुका त्या घाईतूनच जन्मतात.

त्यांतली सर्वांत मोठी चूक पिसवांच्या बाबतीत होते. एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा हे रोगजंतू शोधण्यासाठी १६एस जनुकावरचे जे सर्वसाधारण प्रायमर (हवा तो डीएनए पकडणारे छोटे तुकडे) वापरले जातात आणि ज्यांचा बँड सुमारे ३४५ बेसजोड्यांचा येतो, ते प्रायमर त्या संपूर्ण कुळाला चिकटतात. या कुळात वोल्बॅकियाही येतो. हा जिवाणू कीटकांच्या पेशींत सहजीवी म्हणून राहतो, मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो आणि कुत्र्या-मांजरांवरील पिसवांमध्ये सर्रास आढळतो. माझ्या पाहण्यातल्या एका विद्यार्थिनीने गावातील कुत्र्यांच्या पिसवा गोळा केल्या, या प्रायमरांनी तपासल्या आणि जवळजवळ प्रत्येक नमुन्यात ठसठशीत बँड आल्यावर ‘पिसवांमध्ये एर्लिकियाचे प्रचंड प्रमाण’ अशा मथळ्याचा शोधनिबंध लिहायलाही घेतला. मी तिला एवढेच विचारले की, त्याच कुत्र्यांच्या रक्तात हा जिवाणू एकदाही सापडला नसेल, तर पिसवांनी तो आणला कोठून? त्यानंतर कुत्र्यांच्या अंथरुणातून गोळा केलेल्या कोषांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, रक्ताचा थेंबही न प्यायलेल्या पिसवा तपासल्या, तर त्यांतही तोच बँड आला. सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणे) केल्यावर सगळे नमुने वोल्बॅकियाचे निघाले. सिक्वेन्सिंगचा खर्च वाचवण्यासाठी ते टाळले गेले होते आणि त्या बचतीपायी कित्येक महिन्यांचे काम फेरतपासणीला गेले. म्हणून माझी सवय अशी आहे की, सर्वसाधारण प्रायमरने आलेला निकाल मी केवळ चाळणी मानतो. प्रजातीचे नाव लिहायचे, तर दुसऱ्या एखाद्या जनुकाची साक्ष आणि निदान काही नमुन्यांचे सिक्वेन्सिंग हवेच.

गोचिडांमध्ये हाच घोटाळा कॉक्झिएला या क्यू-तापाच्या जिवाणूच्या नावाने होतो. ऱ्हिपिसेफॅलस गटातील गोचिडांत (कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड याच गटातला) कॉक्झिएलासारखे सहजीवी जिवाणू राहतात आणि क्यू-तापाच्या चाचण्यांना ते फसवतात. पिसवांत रिकेट्सिया या जिवाणूचा बँड आला म्हणून लगेच रिकेट्सिया फेलिस ही प्रजाती लिहून मोकळे होऊ नये, कारण त्याचा जवळचा नातेवाईक रिकेट्सिया असेम्बोनेन्सिसही पिसवांतच आढळतो.

दुसरी चूक अर्थ लावण्याची आहे आणि ती मला पहिलीइतकीच खटकते. आजारी कुत्र्याच्या कानातून रक्त पिऊन टच्च फुगलेला गोचीड काढायचा, त्यात एर्लिकिया कॅनिसचा डीएनए सापडला की तो गोचीड रोगवाहक असल्याचे जाहीर करायचे, ही पद्धत मुळातच सदोष आहे, कारण त्या गोचिडाच्या पोटात कुत्र्याचेच रक्त असते आणि आपण प्रत्यक्षात कुत्र्याचीच तपासणी केलेली असते. एर्लिकिया कॅनिस तपकिरी गोचिडात एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत टिकतो, पण अंड्यांतून पिलांत जात नाही. म्हणून कुत्र्याच्या खोलीतील भिंतींच्या फटींतून गोळा केलेले उपाशी गोचीड, किंवा रक्त पिऊन गळून पडलेली आणि कुपीत ठेवून कात टाकू दिलेली अर्भके (प्रौढ होण्याआधीच्या अवस्थेतील गोचीड) यांची तपासणी कितीतरी अधिक बोलकी ठरते. या पद्धतीला वेळ लागतो, हे खरे आहे. ज्यांना तेवढा वेळ द्यायचा नाही त्यांनी ‘गोचिडात डीएनए आढळला’ एवढेच लिहावे, वाहक हा शब्द वापरू नये. गाईगुरांच्या बाबतीत तर केवळ फुगलेल्या माद्या वेचल्या जातात आणि त्यांच्या शेजारचे बारीक नर तसेच सोडले जातात. वास्तविक गोठ्यातील अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल एका जनावरावरून दुसऱ्यावर नेण्यात जागा बदलत रक्त पिणाऱ्या या नरांचाच मोठा वाटा असतो.

फुगलेल्या गोचिडांची आणखी एक अडचण म्हणजे रक्तातील हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) पीसीआरची क्रिया अडवते. असा नमुना निगेटिव्ह आला, तर तो खरोखर निगेटिव्ह आहे की क्रियाच झाली नाही, हे कळायला मार्ग हवा. मी प्रत्येक नमुन्यात आधी गोचिडाचे स्वतःचे मायटोकॉन्ड्रियातील १६एस जनुक वाढवून पाहतो; तेही दिसले नाही, तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावतो. हा टप्पा गाळणाऱ्यांच्या निगेटिव्ह निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

नमुने फॉर्मेलिनमध्ये मुळीच ठेवू नयेत, कारण त्याने डीएनए खराब होतो. पुरेसे इथेनॉल घ्यावे. डीएनएसाठी वाटून बारीक करण्यापूर्वी प्रत्येक गोचिडाची ओळख पटवून त्याचे छायाचित्र घ्यावे. डीएनए वेगळा काढताना गोचीड न घातलेली एक रिकामी नळी शेवटपर्यंत सोबत चालवावी. दहा-दहा पिसवांचे पूल (एकत्र तपासायचे गट) केले असतील, तर पॉझिटिव्ह पूलांची टक्केवारी ही पिसवांची टक्केवारी म्हणून देऊ नये. शेतकरी ज्याला गोचीडताप म्हणतात, त्यातील थायलेरिया आणि बबेसिया हे जिवाणू नसून आदिजीव आहेत; जिवाणूंच्या प्रायमरने ते सापडणार नाहीत. गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये. सिंधुदुर्गात माकडतापाचे (गोचिडांतून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे) रुग्ण आढळल्यानंतर तरी हा निष्काळजीपणा थांबायला हवा होता.

कुत्र्याचे रक्त सोबत घ्यायचे असेल, तर ते ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यावे; त्याच कामाचे हेपरिन पीसीआरला अडथळा आणते. हे रक्त डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्याआधी घ्यावे, कारण उपचार सुरू झाल्यावर रक्तातील जिवाणू झपाट्याने कमी होतात, आणि झटपट किटवर दिसणारी प्रतिपिंडे मात्र बरे झालेल्या कुत्र्यातही कित्येक महिने टिकून राहतात.