युक्रेनियन लोककलेतली प्रतीकं शिकायचीयत? मग अर्थ जरा नंतर

या विषयात नवीन आलेले लोक बहुतेकदा एकच विचारतात, पिसांकावरच्या चिन्हांच्या अर्थाची यादी कुठे मिळेल? (पिसांका म्हणजे ईस्टरला मेणाने नक्षी काढून रंगवतात ती अंडी.) याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्रिकोण म्हणजे हे, हरीण म्हणजे ते, आणि त्या राशीभविष्याइतक्याच सोप्या, भरवसाही साधारण तेवढाच. माझं ऐकाल तर वस्तू कुठल्या गावची, कधीची आणि तिथल्या बायका त्या नक्षीला काय म्हणायच्या एवढं आधी टिपायचं. नावं बऱ्याचदा अगदी घरगुती निघतात, दंताळं, ओकचं पान, मेंढ्याची शिंगं.

एक अंडं स्वतः रंगवून बघाच. मेणाखालचा भाग पुढचा रंग घेत नाही, त्यामुळे फिकटाकडून गडदाकडेच जावं लागतं, पांढरा, पिवळा, लाल आणि शेवटी काळा, मग मेणबत्तीच्या धगीवर मेण वितळवून पुसायचं. हे हाताने केलं की "काळी पार्श्वभूमी म्हणजे मृत्यू" वगैरे वाचताना आपोआप शंका येते, की बाबा रे तो सगळ्यात शेवटचा रंग आहे म्हणून तिथे आहे.

आर्किटाइपवाल्यांची (म्हणजे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या मागे जाऊन सगळ्या माणसांच्या मनात त्याच आदिम प्रतिमा असतात असं मानणाऱ्यांची) लाडकी म्हणजे बेरेहिन्या, हात वर केलेली बाई, "प्राचीन मातृदेवता". जुन्या धार्मिक लिखाणात बेरेहिन्या येतात खऱ्या, पण उपीर नावाच्या रक्तपिपासू भुतांच्या जोडीने! घराची आणि देशाची राखणदारीण हे रूप मुख्यतः 1980 च्या दशकापासून पसरलं, आणि 2001 मध्ये कीवच्या मैदान नावाच्या मुख्य चौकात स्वातंत्र्याचा स्तंभ उभा राहिला तर त्यावरच्या बाईलाही लोक बेरेहिन्याच म्हणायला लागले. म्हणून ती खोटी ठरत नाही हां, उलट मिथक तयार होताना बघायला मिळतं, माझ्यासाठी तर या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. फक्त युंग लावायच्या आधी तारीख लावा.

भाषेचं म्हणाल तर युक्रेनियन हवीच, पण थोडी रशियनही लागते, कारण रशियन साम्राज्याच्या काळातलं बरंच साहित्य रशियनमध्ये छापलंय. लोकजीवनाचा अभ्यासक पावलो चुबिन्स्की याच्या 1869-70 च्या संशोधन मोहिमेचे सात खंड घ्या, गाणी युक्रेनियन आणि विवेचन रशियन. अर्थ शोधायचाच असेल तर तो आधी त्या गाण्यांत आणि लग्नविधींच्या वर्णनांत शोधा, रुश्निक म्हणजे भरतकामाचा लांब पंचा लग्नात नेमका कुठे अंथरतात, कोणाच्या हाताला बांधतात, हे तिथेच कळतं.