गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड घरी बदलताय? मग या चुका टाळा

नवीन डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड टाकले, पहिले काही आठवडे गाडी मस्त चालली आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं, की लोक लगेच म्हणतात डिस्कच बोगस निघाली. बहुतेक वेळा डिस्क चांगलीच असते हो, हबवरचा गंज साफ केलेला नसतो. हब म्हणजे डिस्क ज्यावर बसते तो भाग. तिथे गंजाचा बारीकसा पापुद्रा जरी राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा अजून वाढतो, मग प्रत्येक फेरीला डिस्क पॅडला त्याच जागी घासते आणि हळूहळू तिथेच पातळ होत जाते, म्हणूनच थरथर पहिल्या दिवशी नाही तर नंतर सुरू होते. त्यामुळे वायर ब्रश घ्या, हब लख्ख करा, स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टच्या, बुडाशी तर खासच. माझ्या मते या कामातला निम्मा वेळ इथेच गेला पाहिजे.

जुनी डिस्क निघत नसेल तर हातोडा घेऊन तुटून पडू नका. बऱ्याच डिस्कला आटे असलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून थोडा थोडा आळीपाळीने आवळा, डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसायचं, नाहीतर ते तेल नव्या पॅडमध्ये मुरतं आणि पॅड वाया जातात.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढला की होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लटकत सोडू नका, तारेने वर बांधून ठेवा. पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या, मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, लेव्हल वर येते आणि ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो. आणि पुढचा पिस्टन सहसा सरळ दाबायचा असतो, फिरवून आत घालायचा प्रकार बऱ्याचदा मागच्या कॅलिपरचा, जिथे हँडब्रेक त्यातच असतो.

जुने पॅड फेकायच्या आधी नीट बघा, फुकटात निदान होतं. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये आतला पॅड पार संपलाय आणि बाहेरचा बराच शिल्लक आहे म्हणजे बहुधा स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) जाम आहेत, त्या काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकतात. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला मात्र ग्रीसचा थेंबही नको!

डिस्क कायम जोडीनेच बदला, एका चाकाला नवी आणि दुसऱ्याला जुनी असं केलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचं नाही, जॅक स्टँड (गाडीखाली लावायचे पक्के टेकू) लावाच, यात चर्चा नको. ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्यावर बसतो त्या भागाचे) बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, आवळा, नट समोरासमोर, एका ओळीत नाही.

आता सगळ्यात धोकादायक चूक. सगळं बसवून झालं, गाडी सुरू केली आणि निघाले, पहिला ब्रेक दाबला तर पॅडल थेट तळाला! पिस्टन मागे ढकललेला असतो, तो परत पॅडला टेकेपर्यंत पॅडल हलकंच लागणार. म्हणून गाडी जागची हलवायच्या आधी पॅडल दाबत राहा, कडक होईपर्यंत. पंप करूनही मऊच राहिलं तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली असेल, ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे ती हवा बाहेर काढल्याशिवाय, गाडी बाहेर काढू नका.

नंतर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून मध्यम जोराने ब्रेक लावत वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, असं काही वेळा करून मधे गार होऊ द्या. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर तिथे पॅडचा थर चिकटतो आणि तीच थरथर परत मागे लागते. परत आल्यावर चाकांजवळ हात न लावता उष्णता बघा, एकच बाजू जास्त तापली असेल तर त्या बाजूच्या पिन किंवा पिस्टन अडकलेत का ते आधी तपासा.