स्विमिंग पूलचा पंप बंद पडला की लगेच नवा घेऊ नका : आम्ही केलेल्या या चुका टाळा

पुण्यात बावधनला आमच्या घरामागे सहा बाय तीन मीटरचा स्विमिंग पूल आहे. सरासरी १.३ मीटर खोल, म्हणजे साधारण २३,००० लिटर पाणी. आई त्याला अजून ‘हौद’च म्हणते. होळीनंतर ऊन तापलं की पोरं त्यात उतरायला अधीर होतात आणि नेमका त्याच आठवड्यात पाणी फिल्टरमधून फिरवणारा पंप दगा देतो. दिवाळीपासून बंद पडून असलेला पंप, दुसरं काय करणार! फोन करावा तर मार्चमधला पंपवाला म्हणजे लग्नसराईतला आचारी. सापडला तरी उभ्या उभ्या सांगतो, “मोटर गेली साहेब, नवीनच टाकू.”

आम्ही ते ऐकलं. एक धडधाकट पंप बाजूला टाकला आणि त्याच्या जागी आणलेला कोरा पंप दीड वर्षात जाळला. तेव्हापासून दुरुस्ती की नवा, हे ठरवण्याआधी मी एवढंच विचारतो : हा गेला कशाने?

‘घुं’ आवाज आला म्हणजे मोटर जळालीच असं नाही

आमच्या पंपाचं लक्षण असं होतं : बटण दाबलं की नुसतं ‘घुं’, मोटर फिरत नाही आणि थोड्या वेळाने एमसीबी पडतो. पंपवाल्याने निदान केलं, आम्ही पैसे मोजले. जुना पंप गॅरेजमध्ये धूळ खात पडला. पुढे कधीतरी मेहुणा तो बुधवार पेठेतल्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटरीची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे, घेऊन गेला. त्या काकांनी आधी मोटरीला नाक लावून वास घेतला. जळक्या वार्निशचा वास नव्हता. मग मागचं पंख्याचं कव्हर काढून शाफ्ट, म्हणजे मोटरीचा फिरता दांडा, हाताने फिरवला, तोही सहज फिरला. शेवटी वरच्या डब्यातला कपॅसिटर बाहेर काढला, तर त्याचं टोक पुरीसारखं फुगलेलं. तापकीर गल्लीतून नवा आणला, दोन-तीनशे रुपयांचं काम. मोटर सुरू.

सिंगल फेज मोटरीला फिरायला सुरुवात करून देतो तो कपॅसिटर. तो कमजोर झाला की मोटर जागच्या जागी गुणगुणते. म्हणून क्रम हाच ठेवा : वास घ्या, शाफ्ट फिरवा, मग कपॅसिटर पाहा. शाफ्ट जाम असेल तर बऱ्याचदा बोअरच्या जड पाण्याचा क्षार किंवा गंज असतो, कधी इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्रात, कचरा असतो. आमच्या कुंपणाला गुलमोहर आहे. त्याची बारीक पानं पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या बास्केटच्या जाळीतून आरामात आत जातात आणि इम्पेलरच्या पात्यांत त्यांचा लगदा होऊन बसतो. चिमट्याने तो काढायला वीस मिनिटं पुरतात.

हे सगळं मेन स्विच बंद करूनच. शिवाय लाइट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असू शकतो, त्यामुळे सवय नसेल तर तो डबा इलेक्ट्रिशियनलाच उघडू द्या. नवा कपॅसिटर जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरॅडचाच घ्यायचा, त्यावरचा व्होल्टचा आकडा मात्र कमी नको.

थेंबाकडे दुर्लक्ष

पंपाचा पाण्याचा भाग आणि मोटर यांच्या मधल्या फटीतून थेंब थेंब पाणी टपकत असेल, तर मोटरीकडे पाणी जाऊ न देणारा मेकॅनिकल सील गेला आहे. कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांच्यात पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तेच त्यांचं वंगण. पंप काही मिनिटं जरी कोरडा चालला तरी चकत्या तापतात, तडकतात आणि थेंब सुरू होतो.

बहुतेक घरांत त्या थेंबाखाली प्लॅस्टिकचा मग ठेवतात. आम्हीही ठेवला होता. पण ते क्लोरीनचं पाणी शाफ्टवरून सरकत पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतं, त्यातलं ग्रीस धुऊन काढतं. मग चालू करताना करकर आवाज येऊ लागतो. त्यानंतर पाणी वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरीच्या तारेच्या गुंडाळ्यांत. म्हणजे स्वस्तात बदलता आला असता तो सील अख्खी मोटर घेऊन जातो. तेव्हा थेंब दिसला की त्याच आठवड्यात सील बदला, आणि पंप उघडलाच आहे तर दोन्ही बेअरिंगही बदलून घ्या. मजुरी एकदाच पडते. एक अट आहे : शाफ्टवर जिथे सील बसतो तिथे नख फिरवून बघा. खड्डे लागले तर नवा सीलही टिकणार नाही.

पंप कोरडा का चालला, तेही शोधायला हवं. पुण्याच्या मे महिन्यात आठवड्याला दोन-तीन बोटं पाणी सहज उडून जातं. पातळी स्किमरच्या, म्हणजे वरचं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाखाली गेली की पंप हवा ओढतो. दुसरं कारण म्हणजे बास्केटच्या झाकणाचा ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी. झाकणाखाली सतत बुडबुडे दिसत असतील तर चालू पंपाच्या झाकणावर कडेने पाणी ओता. बुडबुडे थांबले की चोर सापडला. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको. पेट्रोलियममुळे बरीच रबरं फुगतात.

दोष फिल्टरचा, शिक्षा पंपाला

पाणी कमी येतंय म्हणून पंप बदलू नका, आधी फिल्टरवरचं दाबाचं गेज बघा. बॅकवॉश केल्यानंतरचा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टरमधली वाळू धुतल्यानंतरचा, आकडा भिंतीवर लिहून ठेवा. काटा त्याच्यावर ८-१० पीएसआय चढला असेल तर वाळू तुंबली आहे. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर बास्केट, हवा किंवा इम्पेलर.

मोठा एचपी आणि बारीक वायर

आता त्या जळालेल्या कोऱ्या पंपाबद्दल. जुना एक एचपीचा होता. दुकानदार म्हणाला, दीडचा घ्या, पाणी काचेसारखं राहील. घेतला. खरं तर २३,००० लिटर सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचे तर ताशी ४,००० लिटरही पुरतात. एक एचपीसुद्धा त्याहून बरंच जास्त देतो. आमचा सक्शन पाइप ५० मिलिमीटरचा. त्यातून त्याला झेपेल त्याहून जास्त पाणी ओढायला लागलं की पंप आतून खडी ढवळल्यासारखा वाजतो. तो वाजतच होता. आम्ही त्याला ताकद समजलो.

आणि वायर? मीटरपासून पंपापर्यंत ४० मीटर अंतर, वायर दीड स्क्वेअर एमएमची. दीड एचपीची मोटर सुरू होताना ३५-४० अँपिअर खेचते, तेव्हा जवळपास ३५ व्होल्ट वाटेतच संपतात. त्यात एप्रिलच्या संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी चालू, व्होल्टेज आधीच पडलेलं. मोटर धड उचल घेत नव्हती, रोज तापत होती, शेवटी जळाली. आता चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली आहे आणि पंप सकाळी चालतो. चालतो तो जुनाच, कपॅसिटर बदललेला एक एचपीचा.

मग नवा कधी?

पंपाला, शिडीला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन बंद करा. कुणी पाण्यात उतरायचं नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासल्याशिवाय पंप पुन्हा सुरू करायचा नाही. मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) वाइंडिंगचं इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली येत असेल तर मोटर सुकवून पुन्हा मोजतात. तरी आकडा चढला नाही तर तिचा मोह सोडा.

बॉडीला तडा गेला असेल, तेही आटे असलेल्या जागी, तर एम-सील लावून उन्हाळा काढण्याच्या भानगडीत पडू नका. शाफ्ट खराब, वाइंडिंग जळालेलं आणि सुटे भाग मिळत नाहीत, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तरी मी नवाच घेईन. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तरीही. रिवाइंडिंग करणारच असाल तर तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

व्हेरिएबल स्पीडचा पंप घ्यावा का? हिशोबाने वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात तेवढी उतरत नाही, तरी बचत मोठीच. बारा महिने रोज आठ-दहा तास पंप चालवणाऱ्याने जरूर घ्यावा. आमच्यासारखा चार महिने पोहणाऱ्याने नाही. त्यातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड वळवाच्या कडकडाटात गेलं तर वाचलेली वीज त्यातच जाते.

पंप कोणताही बसवा, दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे आट्यांनी उघडता येणारे जोड, लावून घ्या. आमच्या प्लंबरने नवा पंप सरळ सोल्युशनने चिकटवून टाकला होता. तो काढताना पाइप करवतीने कापावा लागला, आणि जुना बसवायला पाइप तीन इंच कमी पडला.