अटॅकनंतर पुन्हा छातीत दुखतंय: निदानाला सुरुवात कुठून करायची

अटॅकनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत रुग्ण छातीत दुखतं म्हणून आला की पहिला प्रश्न एकच: रक्तवाहिनी पुन्हा बंद झाली का? दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढा आणि डिस्चार्जच्या वेळचा ईसीजी शेजारी ठेवा. जुना नसेल तर नवा अर्धाच कळतो, कारण ईसीजीच्या रेषेतले अटॅकचे बदल, म्हणजे क्यू वेव्ह, उलटी टी वेव्ह, कधी वर उचललेला एसटी भागसुद्धा, कित्येक आठवडे तसेच राहतात. उलटी टी वेव्ह दुखताना एकाएकी सरळ दिसली तर ती सुधारणा समजू नका. ईसीजी ठीक वाटला तरी दुखणं चालू असेपर्यंत दर पंधरा-तीस मिनिटांनी पुन्हा काढा.

स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) असेल तर गोळ्यांची चौकशी कसून करा. ‘घेतो ना’ हे उत्तर पुरेसं नाही. पाकीट मागवा, गोळ्या मोजा. क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या मध्येच थांबवणं हे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं मोठं कारण आहे.

ट्रोपोनिनचा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) एकटा रिपोर्ट इथे हमखास फसवतो. पहिल्या अटॅकचं ट्रोपोनिन 10 ते 14 दिवस रक्तात वाढलेलं राहू शकतं. म्हणून 3 ते 6 तासांनी दुसरा नमुना घ्या. 20 टक्क्यांहून जास्त वाढ असेल तर नवी इजा धरा.

श्वास घेताना आणि आडवं झाल्यावर वाढणारं, पुढे वाकून बसल्यावर हलकं होणारं दुखणं बहुधा पेरिकार्डायटिसचं, म्हणजे हृदयाच्या आवरणाला आलेल्या सुजेचं. ते खांद्याच्या वरच्या कडेला गेलं तर शंका आणखी बळावते. पहिल्या काही दिवसांत, किंवा ताप आणि वाढलेल्या सीआरपीसह (सूज दाखवणारी रक्ततपासणी) एक ते आठ आठवड्यांनी (ड्रेसलर सिंड्रोम) ते येतं. यात एसटी ईसीजीच्या बहुतेक लीड्समध्ये (वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या नोंदींमध्ये) उचललेला असतो. याला अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर हृदयाच्या आवरणात रक्तस्राव होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळा, अशा वेळी अ‍ॅस्पिरिनच बरं.

बीपी अचानक घसरलं किंवा हृदयात नवा मर्मर (जादा आवाज) ऐकू आला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. दम लागतोय, ऑक्सिजन कमी आहे, एक पाय सुजलाय, तर फुफ्फुसातल्या गुठळीचा विचार हवा.

सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा उपचार) दिलेल्या रुग्णाच्या बरगड्या दाबल्यावर दुखतातच, पण तेवढ्यावरून हृदय सुटलं असं होत नाही. जिभेखालच्या गोळीने आराम पडला म्हणून अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याचं दुखणं) ठरवू नका. अन्ननलिकेची उबळही तिने ओसरते.