उतरवलेल्या प्रदर्शनवास्तूचा प्रभाव कसा शोधावा

प्रदर्शनासाठी उभारलेली एखादी वास्तू काही महिन्यांत उतरवली जाते आणि तरीही पुढे अनेक दशके इतर इमारतींतून दिसत राहते. हे सिद्ध करायचे असेल, तर दोन छायाचित्रे शेजारी ठेवून साम्य दाखवणे पुरत नाही. तो प्रभाव कोणत्या वाटेने पोहोचला, म्हणजे कोणत्या माणसाबरोबर, कोणत्या बांधकामपद्धतीतून किंवा कोणत्या चित्रातून, हे दाखवावे लागते.

सुरुवात वास्तूच्या रूपापासून न करता तिला मिळालेल्या मुदतीपासून करावी. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली उभ्या राहिलेल्या क्रिस्टल पॅलेस या लोखंड आणि काचेच्या प्रदर्शनवास्तूसाठी तिचे रचनाकार जोसेफ पॅक्स्टन यांना वर्षभराचाही अवधी नव्हता आणि प्रदर्शनानंतर उद्यान मोकळे करून द्यायचे होते. म्हणूनच ४९ इंच लांबीच्या काचेवर छताची आणि २४ फुटांच्या मापावर खांबांची मांडणी बसवण्यात आली. सुटे भाग कारखान्यांत तयार झाले आणि जागेवर केवळ जोडले गेले. अशी इमारत उलगडताही येते. तिचे भाग सिडनहॅमला नेऊन १८५४ मध्ये वाढवलेल्या रूपात ती पुन्हा उभी राहिली आणि १९३६ च्या आगीपर्यंत टिकली. पूर्वनिर्मित बांधकामाच्या इतिहासात तिला जे स्थान आहे, ते मला तिच्या झळाळीपेक्षा या मुदतीचे फळ वाटते.

त्यानंतर माणसांचा माग काढावा. सर्वांत भक्कम पुरावा इथेच मिळतो, म्हणून अधिक वेळ यालाच द्यावा. वास्तुरचनाकाराइतकेच अभियंत्याचे नाव नोंदवावे आणि त्याची पुढच्या दहा-पंधरा वर्षांतील कामे तपासावीत. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनावर हवेच्या दाबाने तोललेले, तारदोरांनी बांधलेले बसके छत होते. त्याचे अभियंता डेव्हिड गायगर यांनी तेच तंत्र पुढे क्रीडागारांसाठी वापरले, आणि १९७५ मध्ये मिशिगनमधील पाँटिअॅक येथे तसे विशाल छत उभे राहिले. हलक्या छतांचे जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटो यांच्या बाबतीत हा माग याहूनही स्पष्ट आहे. १९६७ च्या माँट्रिअल प्रदर्शनातील जर्मन दालनाच्या तारजाळीच्या छतासाठी श्टुटगार्टजवळ आधी एक चाचणी-रचना उभारली होती. तीच नंतर त्यांच्या हलक्या रचनांच्या संशोधनसंस्थेची इमारत झाली, आणि म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक छतांच्या कामात ओटो स्वतः सहभागी होते. त्यामुळे मुख्य दालन नष्ट झाले असले, तरी त्याच्या चाचणी-रचना आणि प्रतिकृती कुठे गेल्या याची चौकशी अवश्य करावी.

काही वास्तूंचा प्रभाव मात्र जवळजवळ पूर्णपणे छायाचित्रांतून पसरला. मीस व्हान डेर रोए आणि लिली राइख या जर्मन रचनाकारांचे १९२९ चे बार्सिलोना येथील जर्मन दालन १९३० मध्ये उतरवले गेले, आणि नंतरच्या पिढ्यांनी ते थोड्याशा कृष्णधवल चित्रांतून ओळखले. अशा वेळी प्रत्येक चित्र कुठून घेतले आहे, हे तळ-आराखड्यावर बाणाने दाखवावे. कोणत्या बाजू कधीच दिसल्या नाहीत, हे त्यातून लगेच उमगते. या दालनात हिरवा संगमरवर, सोनेरी ऑनिक्स दगड आणि लाल पडदा होता, पण चित्रे पाहून शिकणाऱ्यांपर्यंत यांतला एकही रंग पोहोचला नाही. त्यांनी उचलली ती मोकळ्या भिंतींची आणि सपाट छताची मांडणी.

मूळ जागी उभ्या असलेल्या प्रतिकृतीला भेट जरूर द्यावी, कारण दगडाचा स्पर्श आणि पाण्यातले प्रतिबिंब कागदावर कळत नाही. तथापि बार्सिलोनाची आजची इमारत १९८६ मध्ये पूर्ण झालेली आहे. टिपणे आणि छायाचित्रे घेताना प्रत्येकाखाली १९२९ की १९८६ हे तिथल्या तिथे लिहावे, आणि १९३० ते १९८६ या काळातल्या कोणत्याही इमारतीवरील प्रभावासाठी या दुसऱ्या गटातील एकही चित्र पुरावा म्हणून वापरू नये.