साठच्या दशकातलं गॅरेज रॉक ऐकायचंय? बँड नका धरू, गाव धरा

गॅरेज रॉक, म्हणजे हौशी पोरांनी घरच्या गॅरेजसारख्या जागेत सराव करून वाजवलेलं रांगडं रॉक, ऐकायला लागलेले बरेच जण एकाच जागी अडकतात. एखादं गाणं जाम आवडतं, मग त्या बँडचं दुसरं गाणं शोधायला जातात, आणि दुसरं गाणं नसतंच! १९६४ ते १९६८ या काळात अमेरिकेत शाळा-कॉलेजातल्या पोरांनी हजारोंनी बँड काढले, त्यातल्या कित्येकांची उभ्या आयुष्यात एकच सिंगल निघाली, पुढच्या बाजूला एक गाणं, मागच्या बाजूला एक गाणं, काही शे कॉपी, त्यापण शाळेच्या डान्सला नाहीतर गावातल्या दुकानात विकलेल्या, विषय संपला. त्यामुळे बँडच्या मागे लागलात तर दोन गाण्यांत रस्ता बंद. गावाच्या मागे लागलात तर मात्र तोच बँड ज्या हॉलमध्ये वाजवायचा तिथले बाकीचे बँड, तोच स्टुडिओ, तेच लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) असं एकातून एक सापडत जातं, म्हणून खालची सगळी पद्धत गावावरून आहे.

आधी थोडं हे डोक्यात असू द्या, म्हणजे सगळं एवढं विखुरलेलं का ते कळेल. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही शोवर आले, ७ कोटी ३० लाखांच्या आसपास लोकांनी ते बघितलं, आणि त्यानंतर पोरांनी धडाधड गिटारी घेतल्या, सिअर्स या दुकानाच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन गिटार यायची, तिच्या काही मॉडेल्समध्ये तर गिटारच्या पेटीतच अँप बसवलेला असायचा. वाजवायला शाळेचे हॉल, स्केटिंग रिंक, बँडच्या स्पर्धा. गावच्या रेडिओवरचा डीजे गावातल्या पोरांची रेकॉर्ड लावू शकायचा, त्यामुळे एखादं गाणं एका शहरात तुफान चालायचं आणि पुढच्या शहरात त्याचं नावही कुणी ऐकलेलं नसायचं. आणि मग पोरं अठराची झाली की व्हिएतनामसाठीची सक्तीची सैन्यभरती, ती टाळायची तर कॉलेज, दोन्हीकडून बँड फुटणारच. वर्ष-दोन वर्षं हेच त्यांचं आयुष्य, आणि गाण्यात जी घाई ऐकू येते ती मला तरी याच्याशी जोडलेलीच वाटते.

सुरुवात 'नगेट्स'पासून करा. १९७२ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने काढलेला डबल अल्बम, २७ गाणी, निवडली लेनी केनं, जो नंतर गायिका पॅटी स्मिथचा गिटारिस्ट झाला. १९९८ ला याचाच चार सीडींचा मोठा बॉक्स आला, पण पहिल्यांदा तो घेऊ नका, एवढं सगळं एकदम ऐकलं की गाणी एकमेकांत मिसळतात आणि काहीच लक्षात राहत नाही. मूळ २७ ऐका, त्यातलं जे डोक्यातून जात नाही ते गाणं धरा, आणि तो बँड कुठला ते बघा. झालं, तुमचं पहिलं गाव मिळालं.

गाव ठरत नसेल तर माझं ऐका आणि अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात जा: टकोमा, सिएटल, पोर्टलंड. सगळ्या गोष्टीचा धागा इथे एकाच गाण्यातून पकडता येतो, 'लुई लुई'. रिचर्ड बेरीने ते १९५७ ला लॉस एंजेलिसमध्ये काढलं होतं, शांत, डोलणारं गाणं. १९६१ ला टकोमाच्या वेलर्सनी ते रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सच्या आवाजात आपल्याच एटिकेट लेबलवर काढलं (सर्च करताना 'फॅब्युलस वेलर्स' टाका, नाहीतर सगळीकडे बॉब मार्लीच येतो, त्याच्या बँडचंही नाव वेलर्सच). त्यानंतर त्या भागातल्या प्रत्येक बँडला हे गाणं यावंच लागायचं. एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलंडच्या एकाच स्टुडिओत, एकाच महिन्यात, दोन बँडनी ते रेकॉर्ड केलं, किंग्समेन आणि पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स. रेडर्सचं व्हर्जन जास्त सफाईचं आहे. जगभर गाजलं ते किंग्समेनचं, बिलबोर्ड मासिकाच्या गाण्यांच्या चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

आता इथे जरा थांबा, कारण ऐकायचं कसं ते याच गाण्यावर शिकता येतं. वेलर्सचं लावा आणि रिफवर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या त्या छोट्या तुकड्यावर, टाळ्या वाजवा: एक-दोन-तीन-चार, एक-दोन, एक-दोन-तीन-चार, एक-दोन. मग किंग्समेनचं लावा: एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन. किंग्समेनचा गायक जॅक एली याने बाकीच्यांना ते शिकवतानाच वेगळं शिकवलं होतं, आणि नंतर सगळ्या जगाने गाणं असंच वाजवलं! पुढे गिटार सोलो संपतो तिथे कान द्या. एली थोडा आधीच आत येतो, लक्षात येतं, गप्प बसतो, ड्रमर मधे एक फिल (ड्रमचा छोटा तुकडा) मारून जागा भरून काढतो आणि मग एली पुन्हा नीट सुरू करतो. ते तसंच छापलं गेलं. आवाज एवढा लांबून का येतो म्हणाल तर माइक वर टांगलेला होता आणि एली मान वर करून ओरडत गात होता. शब्द इतके कळत नव्हते की गाण्यात काहीतरी अश्लील आहे अशा तक्रारी गेल्या, एफबीआयने तपास केला, आणि कुठल्याही स्पीडवर शब्द समजत नाहीत असा निष्कर्ष काढला.

तर कुठलंही गॅरेज गाणं तीनदा ऐका, तसंही सव्वादोन-अडीच मिनिटांचंच असतं. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा फक्त ड्रम, कारण या बँडमध्ये गिटारवाला तीन कॉर्डवर भागवू शकतो पण ड्रमर ढिला असेल तर गाणं उठतच नाही, मी तर एखादी सिंगल ठेवायची की सोडायची ते ड्रमवरूनच ठरवतो. तिसऱ्यांदा बॅकग्राउंडला काय चाललंय ते, कुणीतरी ओरडतंय, ऑर्गन जरा बेसूर आहे, टँबोरिन मधेच थांबतेय. आणि शक्यतो मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) ऐका, हेडफोन काढून स्पीकरवर, जरा मोठ्याने. ही गाणी रेडिओसाठी मिक्स केलेली होती, नंतरच्या काही रिइश्यूंवर (पुन्हा काढलेल्या कॉपींवर) मोनोचंच ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असतं, त्यात सगळा दम निघून जातो, असं काही दिसलं तर सरळ दुसरी कॉपी शोधा.

वेलर्सच्या एटिकेट लेबलवरूनच पुढे टकोमाचे सॉनिक्स मिळतात, आणि माझ्या मते अख्ख्या गॅरेजमध्ये यांच्याएवढं जोरदार दुसरं काही नाही. १९६४ चं 'द विच' ऐका, गिटार आणि सॅक्सोफोन एकाच रिफवर, त्यावर जेरी रोझलीचं किंचाळणं, ड्रमसाठी म्हणे एकच माइक असायचा. मग 'सायको', मग 'स्ट्रिकनीन'. १९६६ च्या 'बूम' अल्बमच्या वेळी तर यांनी स्टुडिओच्या भिंतीवरचं साउंडप्रूफिंग उचकटून काढलं, आवाज घुमला पाहिजे म्हणून.

एक गाव पचलं की पुढचं घ्या. मिशिगनमध्ये सॅगिनॉ आणि बे सिटी, तिथले क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स, टेक्सासकडून कामासाठी उत्तरेला आलेल्या मेक्सिकन-अमेरिकन घरांतली पोरं. '९६ टियर्स' आधी एका छोट्या लोकल लेबलवर निघालं, मग कॅमिओ कंपनीने उचललं आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये ते अमेरिकेत एक नंबरला होतं. ऑर्गनवरची ती साधी ठेका धरलेली लाइन एकदा ऐकली की सुटत नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजे घ्या: काउंट फाइव्हचं 'सायकॉटिक रिअॅक्शन', सिंडिकेट ऑफ साउंडचं 'लिटल गर्ल', दोन्ही १९६६, आणि त्याच भागातले चॉकलेट वॉचबँड. काउंट फाइव्हच्या गाण्यात मधेच अचानक स्पीड बदलतो आणि फझ गिटार (मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) सुटते, ती जागा मुद्दाम मोठ्याने लावा. मिनिअॅपोलिसमधून ट्रॅशमेन आणि कास्टवेज एवढे दोन पुरे आहेत सुरुवातीला.

इथपर्यंत जे ऐकलं ते बरंचसं चार्टवर आलेलं, खरे अनोळखी बँड पुढे आहेत. त्यासाठी 'पेबल्स' ही सिरीज १९७८ पासून आली आणि 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह' १९८३ पासून, दुसरी जास्त रांगडी. जुन्या सिंगल्सवरूनच कॉपी केलेली असल्याने खरखर येते, ती येऊ दे, साफ केलेल्या कॉपीत वरचा सगळा कडकपणा जातो. यातलं एखादं गाणं आवडलं की डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर बँडऐवजी लेबलच्या नावावर क्लिक करा, त्याच लेबलच्या बाकी सिंगल्स दिसतील, बऱ्याच त्याच गावच्या किंवा आजूबाजूच्या, त्यांची नावं एकेक करून यूट्यूबवर टाका. एकदम वीस टॅब उघडू नका, एका बसणीत चार-पाच पुरेत.

ओरिजिनल सिंगल विकत घ्यायच्या भानगडीत सुरुवातीला अजिबात पडू नका, दुर्मिळ असतील तर किमती प्रचंड असतात. पण परदेशात राहत असाल आणि जुन्या रेकॉर्डच्या ढिगात हात घालायला मिळत असेल तर रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेलं कागदी लेबल आणि खाचा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले नंबर बघा. सिनसिनाटीची राईट रेकॉर्ड्स ही कंपनी छोट्या बँडना पैसे घेऊन रेकॉर्ड छापून द्यायची, तिच्या नंबरवरून साधारण कुठल्या वर्षी छापलं ते काढता येतं. लेबलवर पुष्कळदा वर्ष नसतंच, त्यामुळे हा नंबर फार कामाचा.

अमेरिकेबाहेर जायचं तर पहिले लिमाचे लोस सायकोस, पेरू, १९६५ चं 'देमोलिसिओन', स्पॅनिश कळायची काही गरज नाही. आणि मग आपल्याकडे या. इंपीरियल टोबॅको कंपनी सिमला सिगरेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडची 'सिमला बीट' स्पर्धा घ्यायची, त्यातल्या बँडचे 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' असे दोन एलपी (मोठ्या रेकॉर्ड) निघाले, दोन्ही नंतर रिइश्यू झालेत, ऑनलाइन ऐकायला मिळतात. तोवर अमेरिकेत गॅरेजचा जोर ओसरला होता, इथे मात्र फझ गिटार आणि इंग्रजी गाणी जोरात होती. आधी शिलाँगचे फेंटोन्स ऐका, मग मद्रासचे कन्फ्युजन्स, आणि मग दोन्ही एलपी पहिल्या गाण्यापासून सलग लावा, तीच पद्धत, पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा ड्रम.